जिना चढणारा बूट

"मनिला! अरे, बुटाला भूक लागली!"

शुक्रवारी दुपारी हॅरोडेन बूट कारखान्यातली यंत्रं थांबली, की पहिला आवाज डॅझ नावाच्या कामगाराचाच उठायचा. कातडी कापायच्या विभागात, खिडकीजवळच्या बाकावर एक जुना, राक्षसी मापाचा बूट ठेवलेला असे. कुणा गिऱ्हाइकाने बनवून घेतला आणि नेलाच नाही, असा. डॅझची हाक आली की अमादो विलारुझ नावाचा एक बारीक चणीचा माणूस आपल्या प्रेसमागून उठायचा, खिशातलं बंद पाकीट त्या बुटात सरकवायचा आणि मान खाली घालून हसायचा. सगळे टाळ्या पिटायचे. मग फोरमन तो बूट काखेत मारून जिन्याने वर, मालकांच्या खोलीत जायचा. आणि अर्ध्या तासात अख्खा कारखाना कोपऱ्यावरच्या कामगार क्लबात बिअरचे ग्लास धरून बसलेला असायचा. पहिली फेरी फुकट, अमादोच्या नावाने!

याला आमच्या गावात फुटिंग म्हणतात. नव्या माणसाने कारखान्यात पाय ठेवला की त्याने जुन्यांना पाजायचं. इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशरमधल्या बूट करणाऱ्यांची ही आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे. मी या गावात इतकी वर्षं राहतो आहे, पण त्या रीतीविरुद्ध कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. फुकटच्या बिअरविरुद्ध बोलणार तरी कोण?

फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नव्हती. अमादोला कामाला लागून वर्ष उलटून गेलं होतं. वर्षभर कुणी नवा राहतो का?

पण वाचकहो, माणसाच्या मनात आकस असला ना, की असले प्रश्न त्याला सुचत नाहीत. आणि आकसाला कारण होतं. परदेशातून कामगार आणायचा, तर मालकाला त्याच्या व्हिसाची हमी घ्यावी लागते आणि सरकारने ठरवलेल्या दराखाली त्याला पगार देता येत नाही. कातडी कापणारा तयार हात गावात उरला नव्हता, म्हणून मालकांनी अमादोला फिलिपीन्समधल्या मारिकिना नावाच्या बुटांच्या गावातून आणलं. सरकारी दर इथल्या जुन्या कामगारांच्या पगाराहून थोडा वरचा होता. ही बातमी फुटली मात्र, त्या दिवसापासून अमादोला दोन नावं पडली. तोंडावर 'मनिला' आणि पाठीमागे 'सरकारचा जावई'.

"जावई पाजतोय, आपण पिऊ," डॅझ ग्लास उंचावून म्हणायचा. "त्याला सरकारचा भाव मिळतो, आपल्याला मालकाचा. त्यातलं थोडं आपल्या घशात गेलं तर कुणाचं काय बिघडलं?"

सगळे हसायचे. लॉरेन टेबटसुद्धा हसायची.

लॉरेन ही शिवण विभागाची मुकादम. बुटाचं वरचं कातडं शिवणाऱ्या बायकांवर तिची देखरेख. साठीला आलेली, जाड चष्म्याची, तोंडाने फटकळ, पण मनाने बरी बाई. शाळा सुटली त्याच उन्हाळ्यात ती हॅरोडेनमध्ये शिवायला बसली होती. अमादो पहिल्या आठवड्यात तिच्याकडेच आला होता, कारण इथे काही अडलं की लॉरेनला विचारा असं त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं.

"मॅम लॉरेन," तो म्हणाला होता, "आपले मालक मिस्टर गाइल्स म्हणतात, इथे फुटिंग द्यावं लागतं. ही खरंच तुमची रीत आहे? सगळे देतात?"

"म्हणजे काय! माझ्या बापाने दिलं, मी दिलं. कंजूषपणा करू नकोस हं, इथे लोक ते विसरत नाहीत."

"आणि किती दिवस द्यायचं?"

लॉरेनला हसू फुटलं. "हा बूट झिजेपर्यंत, राजा!"

तिने थट्टा केली. एखादी फेरी पाजायची, त्यात एवढं काय विचारायचं, असं तिला वाटलं. आणि अमादोला वाटलं, हा या देशाचा कायदाच आहे! साधासुधा माणूस तो. परक्या मुलखात जुन्या बाईने सांगितलेलं खोटं कसं मानणार? त्याने मान डोलावली आणि तो कामाला गेला.

*

हिवाळा आला. जेवणाच्या खोलीत एक बदल झाला आणि त्याचं सगळ्यांना बरं वाटलं. अमादो डब्यात भात आणि खारवलेला मासा आणायचा, तो गरम केला की खोलीभर वास सुटायचा. डॅझ नाक दाबून खिडकी उघडायचा. आता तो वास बंद झाला. आधी मासा गेला, नुसता भात राहिला. मग डबाही दिसेना.

"मनिला सुधारला," डॅझ म्हणाला. "बरोबर आहे, जावई आता हॉटेलात जेवत असेल."

लॉरेनलाही ते बरंच वाटलं होतं. पण एका शुक्रवारी सकाळी अमादो शिवण विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात उन्हाळ्याचं पातळ जाकीट. ओठ फुटलेले.

"मॅम लॉरेन, एक विनंती करू? रागावू नका."

"बोल की."

"सगळ्यांना सांगाल का, की या महिन्यात जरा कमी प्या?"

लॉरेनने यंत्र थांबवलं.

"काय म्हणालास?"

"थोडंच कमी. माझ्या मोठ्या मुलीला कॉलेजात घालायचंय. मिस्टर गाइल्स म्हणतात, इंग्रज माणसं फार पितात, मी काय करू? म्हणून मी त्यांना काही बोलत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

"अरे, पण एक फेरी तर असते आमची! त्या पाकिटात घालतोस तरी किती?"

अमादोने सांगितलं. बँकेत त्याचा आठवड्याचा पगार सरकारी दराने पुरेपूर जमा व्हायचा. गुरुवारी मशीनमधून तो त्यातले पैसे काढायचा, आणि शुक्रवारी पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम त्या बुटात जायची. दर शुक्रवारी!

लॉरेनने मनातल्या मनात हिशेब केला. पहिली फेरी क्लबात त्या रकमेच्या चिमटीभर पैशात व्हायची. मग बाकीचे जायचे कुठे?

त्या दुपारी डॅझने हाक मारली, अमादोने पाकीट घातलं, टाळ्या झाल्या. फोरमनने बूट उचलला आणि लॉरेनने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिलं. बूट जिना चढत वर गेला. परत आला तेव्हा रिकामा होता, आणि फोरमनच्या हातात क्लबाच्या एका फेरीपुरती एक नोट होती.

त्या दिवशी लॉरेन क्लबात गेली नाही.

*

लॉरेनचे वडील विल्फ्रेड टेबट, सगळ्यांचे विल्फ, तिच्याकडेच राहायचे. ऐंशी कधीच ओलांडलेले. आयुष्यभर त्यांनी कातडीच कापली होती, आणि कातड्याच्या धुळीने छाती खराब झाली होती. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला थांबावं लागायचं. पण कान शाबूत होते, आणि जीभ तर त्याहून.

रविवारी दुपारी भाजलेलं गाईचं मांस आणि बटाटे पानात वाढून लॉरेनने सगळं सांगितलं. म्हातारा मांसावर रस्सा ओतत ऐकत होता. "मग फोरमन बूट घेऊन वर जातो," असं ती म्हणाली मात्र, त्याने रश्श्याचं भांडं खाली ठेवलं.

"कुठे जातो?"

"वर. मालकांकडे."

"बूट जिना चढतो?" विल्फ म्हणाला. "फुटिंगचा बूट? अगं, फुटिंग कधी जिना चढतं का?"

"म्हणजे?"

"फुटिंग कामगारांचं असतं, पोरी. माझं फुटिंग झालं तेव्हा या गाइल्सचा आजा दार लोटून आत आला, तर आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याने त्याला बाहेर काढलं होतं. म्हणाला, साहेब, हे आमचं आहे. आणि फुटिंग एकदाच. आयुष्यात एकदा! मालकाने त्याला हात लावला की ते फुटिंग राहत नाही, ती चोरी होते. त्या पोराचा पगार समोरच्या दाराने देतात आणि बुटातून परत घेतात, एवढंही तुला कळू नये?"

"मला कसं कळणार, बाबा? आणि खरं सांगू, आम्हाला वाटायचं, त्याला आमच्यापेक्षा जास्त मिळतो..."

"हां! आता खरं बोललीस." विल्फ खोकला, थांबला, पाणी प्यायला. "अगं, सरकार तो दर का ठरवतं? त्या परक्याच्या प्रेमापोटी? मालकाला बाहेरून स्वस्तात माणूस आणता येऊ नये म्हणून! तो तुमच्यापेक्षा स्वस्त पडला, तर उद्या तुम्हाला कोण विचारणार? तो दर म्हणजे तुमच्याही पायाखालची जमीन आहे. तुम्ही सगळे मिळून त्याला जावई म्हणत बसलात, आणि तिकडे मालक ती जमीन खणत होता. आणि तुम्ही काय करत होतात, तर खणणाऱ्याच्या हातून बिअर पीत होतात."

लॉरेनने ताट बाजूला सारलं.

"आता एक सांग," म्हातारा म्हणाला. "तू प्यालीस?"

"प्याले."

"सगळे प्याले?"

"सगळे."

"मग तुम्ही बांधले गेलात. फुटिंग फुकट नसतं, लॉरेन. ज्याचं प्यायचं, त्याच्या पाठीशी उभं राहायचं, ही त्यातली अर्धी रीत. त्याचा दर कापला तर साऱ्यांनी हत्यारं खाली ठेवायची. तुम्ही प्यायची रीत लक्षात ठेवलीत आणि उभं राहायची विसरलात."

"उद्याच जाते मी गाइल्सकडे."

"एकटी जाऊ नकोस!" विल्फने टेबलावर हात आपटला. "एकटीला तो गुंडाळेल. सगळ्यांना घेऊन जा. आधी खालच्यांना सांग, मग जिना चढ."

*

लॉरेनने ऐकलं नाही. सगळ्यांना सांगायचं, म्हणजे आपण त्या माणसाला काय सांगितलं होतं तेही सांगावं लागणार, याची तिला लाज वाटत होती. सोमवारी ती एकटीच जिना चढली.

गाइल्स हॅरोडेन चिडले नाहीत. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, तिच्या वडिलांच्या छातीची चौकशी केली.

"लॉरेन, तू घरचीच. तुझ्यापासून काय लपवू? सरकारने दर असा चढवून ठेवलाय की तेवढा द्यायचा तर मला शिवण विभाग बंद करावा लागेल. तुझ्या बायका घरी बसतील. आणि अमादोची काही तक्रार आहे का? त्याने राजीखुशीने कबूल केलंय."

"त्याला वाटतंय, आम्ही पितो ते पैसे!"

"काय वाटायचं ते वाटू दे." गाइल्सनी कपात साखर ढवळली. "तू बाहेर बोललीस तर काय होईल, ते सांगतो. बाहेरून कामगार आणायचा माझा परवाना जाईल. परवाना गेला की त्याचा व्हिसा जातो. साठ दिवसांत दुसरा मालक शोध, नाहीतर चालू पड. इथे यायला त्याने आपली कार्यशाळा विकली आहे, ठाऊक आहे ना? आता तूच ठरव, तुला त्याचं भलं करायचंय की वाटोळं."

लॉरेन चहा न पिता खाली आली. तिने अमादोला गाठून सगळं सांगितलं, तर त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"मॅम लॉरेन, पाया पडतो, बोलू नका. मी जेवण कमी करीन. साठ दिवसांत मला कोण घेणार? घरी काही उरलेलं नाही. माझे साचे, माझं यंत्र, सगळं विकलंय."

"अरे, पण हे तुझे पैसे आहेत!"

"असू देत. पाच वर्षं झाली की इथे कायमचं राहता येतं. मग मी कुणाला एक पेनीही देणार नाही. तोवर बोलू नका."

आणि लॉरेन गप्प राहिली. क्लबात बिअरऐवजी संत्र्याचा रस प्यायला लागली, एवढाच तिचा निषेध! अमादोसाठी ती घरून सूप आणायची, पण तो ते मुलांसारखं लपून प्यायचा, कारण डॅझने पाहिलं तर हसेल. म्हातारा विल्फ रोज संध्याकाळी विचारायचा, "सांगितलंस खाली?" आणि ती म्हणायची, "त्याच्याच भल्यासाठी थांबलेय, बाबा."

"त्याच्या नव्हे," विल्फ म्हणायचा. "गाइल्सच्या."

*

अमादोच्या खोलीत मीटरमध्ये पैसे टाकले तरच हीटर चालायचा. जानेवारीत तो बहुधा टाकतच नव्हता. कापण्याच्या प्रेसवर उभं राहायचं म्हणजे एका हाताने कातड्यावर धारदार साचा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने वरचा लोखंडी हात त्यावर ओढायचा. दिवसभर. त्याच्याइतका सफाईदार हात या गावाने विल्फनंतर पाहिला नव्हता, असं फोरमनही म्हणायचा. पण रिकाम्या पोटाला सफाई किती दिवस पुरणार?

त्या बुधवारी त्याला भोवळ आली. साच्यावरचा डावा हात त्याने काढलाच नाही, आणि उजवा हात सवयीने ओढत गेला.

त्याची किंकाळी शिवण विभागापर्यंत आली. लॉरेन धावत गेली, तर डॅझ त्याला मांडीवर घेऊन बसला होता आणि आपला शर्ट फाडून त्याच्या हाताभोवती आवळत होता. साच्याखालच्या त्या तपकिरी कातड्यावर काय पडलं होतं, ते मी लिहीत नाही. डाव्या हाताची दोन बोटं अमादोला परत मिळाली नाहीत.

गुरुवारी गाइल्स खाली आले. म्हणाले, फार वाईट झालं, पण चूक त्याचीच, साच्यावरून हात काढायला नको? मग त्यांनी सगळ्यांना कामाला लागायला सांगितलं.

संध्याकाळी लॉरेन रुग्णालयात निघाली तेव्हा डॅझ फाटकापाशी उभा होता. हातात द्राक्षांची पिशवी.

"मी येऊ?" त्याने विचारलं. "शेवटी आपल्यातलाच आहे तो."

अमादो उशीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा. त्या दोघांना पाहून तो उठायलाच लागला, आणि उजव्या हाताने उशीखालून काहीतरी काढून त्याने डॅझपुढे धरलं. बंद पाकीट होतं.

"उद्या शुक्रवार," तो म्हणाला. "मी येऊ शकत नाही. माफ करा. हे बुटात घालाल का?"

डॅझने पाकीट घेतलं. घेतलं आणि त्याचा हात तसाच थांबला. इतके दिवस त्याने ते पाकीट बुटात पडताना पाहिलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. ते जाडजूड होतं.

"हे काय आहे?"

"फुटिंग."

"कुणाचं?"

"तुमचं," अमादो लॉरेनकडे न बघता म्हणाला. "तुम्हा सगळ्यांचं पिण्याचं. थोडं कमी आहे या वेळी. पुढच्या शुक्रवारी भरून देतो."

डॅझने लॉरेनकडे पाहिलं. लॉरेनने मान खाली घातली. मग तो गावभर दंगा करणारा, सहा फुटी माणूस खाटेच्या कडेवर बसला आणि त्याला रडू कोसळलं.

"आपण ह्याचं जेवण प्यायलो, लॉरेन! ह्याचं जेवण प्यायलो आपण!"

*

शुक्रवारी यंत्रं थांबली, पण डॅझची हाक आली नाही. लॉरेन बाकापाशी जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. पाकिटात किती असायचं, क्लबात किती यायचं, बूट कुठे जायचा. आणि अमादोने पहिल्या आठवड्यात तिला काय विचारलं होतं आणि तिने काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. मग तिने ते पाकीट बुटात घातलं.

फोरमन सवयीने पुढे आला. डॅझने बुटावर हात ठेवला.

"हा आज वर जाणार नाही. ज्याला हवाय, त्याला खाली बोलाव."

गाइल्स खाली आले, तेव्हा सगळा कारखाना बाकाभोवती उभा होता. शिवण विभागातल्या बायका, तळवे बसवणारे, रंग देणारे, सगळे.

"मालक," लॉरेन म्हणाली, "हे अमादोचं फुटिंग आहे. रीत अशी आहे की फुटिंग कामगारांचं असतं आणि सगळंच्या सगळं इथेच संपवायचं असतं. आज आमच्यासमोर संपवा. आम्हाला बघायचंय, एवढ्या पैशाची बिअर किती येते!"

गाइल्सचा चेहरा पडला. "हे बघा, यातला काही भाग कारखान्याच्या खर्चासाठी..."

"म्हणजे फुटिंग नव्हे!" मागून बायकांमधून आवाज आला. "म्हणजे चोरी!"

"तुम्हाला ठाऊक आहे ना, परवाना गेला तर त्याचं काय होईल?"

"ते तुम्ही मला आधीही सांगितलं होतं," लॉरेन म्हणाली. "तेव्हा मी गप्प बसले. त्या गप्प बसण्यात त्याची बोटं गेली. आता नाही!"

डॅझने कमरेचं कातडी ॲप्रन सोडलं आणि बाकावर ठेवलं. त्यापाठोपाठ दुसऱ्याने. मग एकेक करून सगळ्यांनी. फोरमनने सगळ्यात शेवटी ठेवलं, पण ठेवलं.

*

इथे गोष्ट संपवता आली असती, तर मला आवडलं असतं. पण खरं घडलं ते असं.

तक्रार गेली, अधिकारी आले, जबान्या झाल्या. परवाना गेला. हॅरोडेनमध्ये अजून बूट बनतात, पण कमी. शिवण विभागातली अर्धी यंत्रं झाकलेली आहेत. अमादोचे बुडवलेले पैसे परत मिळावेत म्हणून दावा लागला आहे आणि दाव्याचा वेग तुम्हाला ठाऊकच आहे. साठ दिवस मात्र वेगाने गेले. लॉरेनने आणि डॅझने सगळ्या बुटांच्या गावांचे कारखाने पालथे घातले. डाव्या हाताला दोन बोटं नसलेला कापणारा कुणालाच नको होता.

विमानतळावर डॅझने त्याची बॅग उचलली. लॉरेन त्याची माफी मागायला पुढे झाली. अमादोनेच तिच्या खांद्यावर हात ठेवला, तोच, पट्टी बांधलेला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मॅम लॉरेन," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पहिल्याच आठवड्यात. तुम्ही हो म्हणालात."

आणि तो आत गेला.

म्हातारा विल्फ त्या वसंतात वारला. जाण्याआधी त्याने लॉरेनकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. आता दर शुक्रवारी यंत्रं थांबली की तो राक्षसी बूट बाकावर येतो, आणि कारखान्यातला प्रत्येक जण, फोरमनसुद्धा, त्यात आपलं पाकीट घालतो. ते पैसे मारिकिनाला जातात. जेवढे शुक्रवार ते अमादोचं प्यायले, तेवढे शुक्रवार हे चालणार आहे. त्याची बोटं त्याने परत येणार नाहीत, हे डॅझला ठाऊक आहे. तो आता क्लबात जात नाही.

वाचकहो, आपल्याही कारखान्यात, हॉटेलात, बांधकामावर, दवाखान्यात दूरदेशीची माणसं काम करतात. त्यांना काय मिळतं याचा आपण हेवा करतो, त्यांच्या डब्याच्या वासाला नाकं मुरडतो, आणि त्यांच्या ताटातलं काढून कुणी आपल्याला घोटभर पाजलं, तर रीत म्हणून पिऊन टाकतो. नका पिऊ! कायद्याने ठरवलेला दर कागदावर पोचला म्हणजे माणसाला पोचला, असं समजू नका. आणि परक्या माणसाने विश्वासाने काही विचारलं, तर थट्टेत उत्तर देऊ नका. तुमची थट्टा त्याचा कायदा होऊन बसते.

गेल्या महिन्यात शिवण विभागात एक नवी मुलगी लागली. तिने पहिल्याच शुक्रवारी पर्स उघडून विचारलं, "मलाही फुटिंग द्यावं लागेल ना?"

लॉरेनने तिची पर्स बंद केली.

"आधी मला सांग, पोरी," ती म्हणाली, "पगारातलं तुझ्या हातात किती राहतं?"